सुयांच्या बंदुकीआधी हवेचा हिशेब

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

आजच्या पत्रिकेवर ‘गंज काढण्यासाठी नीडल गनची निवड व वापर’ असा विषय छापला आहे आणि त्याला मी यथावकाश न्याय देणार आहे. सभागृहात बार्जमालक आहेत, फॅब्रिकेशनचे कारखानदार आहेत, रंगकामाचे दोन-तीन निरीक्षक दिसतात, आणि मागच्या रांगेत काही निवृत्त सारंग बसले आहेत, ज्यांच्यापुढे चिपिंगविषयी, म्हणजे गंज ठोकून काढण्याविषयी, बोलणे हे थोडे धाडसच आहे. त्यामुळे गंज कसा चढतो येथपासून मी सुरुवात करत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की नीडल गन, म्हणजे हवेच्या दाबाने सुया आपटून गंज ठोकून काढणारी बंदूक, ही खरेदीच्या यादीतली शेवटची वस्तू असायला हवी, आणि आपल्याकडे ती पहिली असते. दुकानात जाऊन आपण सुया मोजतो, बारा, एकोणीस, अठ्ठावीस, आणि जिच्यात सुया जास्त ती बंदूक चांगली असा निकाल देऊन पावती फाडून घेतो. हवेचा प्रश्न बंदूक घरी आल्यावर निघतो.

तिची रचना आपल्याला ठाऊक आहे, तरी थोडी उजळणी करतो. हवेच्या दाबाने आतला दट्ट्या मागेपुढे धावतो, बहुतेक नमुन्यांत मिनिटाला दोन ते पाच हजार वेळा. तो ऐरणीवर आदळतो आणि ऐरण सुयांच्या माथ्यांवर. सुई साधारण तीन मिलिमीटर जाडीची, वीतभर लांबीची आणि कडक केलेल्या पोलादाची असते. प्रत्येक सुई आपापल्या भोकात सुटी असल्यामुळे ती स्वतंत्रपणे पुढे जाते आणि धातू भेटेल तिथे थांबते. म्हणून रिव्हेटचे डोके, नट-बोल्ट, वेल्डचा उंचसखल सांधा, कोनपट्टीचा आतला कोपरा, अशा जिथे ग्राइंडरची चकती पोहोचत नाही तिथे सुयांचा झुपका त्या जागेचा आकार घेतो. यंत्रातली सगळी हुशारी एवढीच, आणि तीही दट्ट्याला पुरेशी हवा मिळाली तरच कामाची. उत्पादक सहसा ९० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), म्हणजे कारखान्याच्या बोलीत सव्वासहा किलो, दाब मागतात. तो बंदूक चालू असताना मागतात आणि बंदुकीच्या मुठीपाशी मागतात. माहितीपत्रकातल्या या शेवटच्या दोन अटी कोणी वाचत नाही.

याचे उदाहरण गोव्यातले आहे, आणि ते थोडे लांबेल, कारण ते माझे लाडके आहे. मांडवी आणि झुआरी या नद्यांतून खाणींचे लोहखनिज बार्जवरून मुरगाव बंदराकडे जाते, हे आपण जाणता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. त्या काळात कितीतरी बार्ज नदीकाठी नांगरून पडून राहिल्या. लोहखनिज हा मुळात लोखंडाचा ऑक्साइड आणि गंज हाही लोखंडाचा ऑक्साइडच, त्यामुळे जन्मभर ऑक्साइड वाहून नेणाऱ्या या बार्ज भाडे बंद पडल्यावर स्वतःच माल होऊ लागल्या, असे म्हटले तर रसायनशास्त्राची फारशी हरकत नसावी. (हशा)

अशाच एका बार्जच्या कामासाठी मला झुआरीकाठच्या एका दुरुस्ती-आवारात बोलावले होते. आवाराचे नाव घेत नाही, कारण मालकांच्या घरचे मी जेवलो आहे. बंदुका निकृष्ट निघतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी लागोपाठ तीन कंपन्यांच्या बंदुका घेतल्या होत्या, प्रत्येक वेळी सुयांची संख्या वाढवत नेली होती, आणि प्रत्येक वेळी काम आणखी मंदावले होते. कॉम्प्रेसर उत्तम होता, पण तो फाटकाजवळच्या शेडमध्ये होता. तिथून बार्जच्या होल्डपर्यंत, म्हणजे माल भरायच्या पोकळीपर्यंत, साठेक मीटर रबरी पाइप, आतला व्यास आठ मिलिमीटर, वाटेत पाच जोड, त्यांतले दोन तारेने आवळलेले, आणि टोकाला दुफाटा लावून दोन बंदुका. कॉम्प्रेसरच्या घड्याळावर सात किलो दिसत होते आणि मालक मला ते घड्याळ पुन्हा पुन्हा दाखवत होते. मी एक टी-जोड घेऊन दुसरे घड्याळ बंदुकीच्या मुठीपाशी बसवले. बंदुका बंद असताना तेही सातच दाखवत होते, तेव्हा मालकांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मग दोन्ही घोडे एकदम दाबले आणि काटा साडेतीनच्या खाली उतरला.

यात गूढ काही नाही. पाइपमधली दाबाची घट हवेचा प्रवाह वाढला की जवळजवळ त्याच्या वर्गाने वाढते, आणि पाइपचा व्यास वाढवला की साधारण त्याच्या पाचव्या घाताने कमी होते. आठचा पाइप काढून तेराचा, म्हणजे बाजारातला अर्ध्या इंचाचा, लावला तर त्याच अंतरावर, तेवढ्याच हवेला, घट सुमारे अकराव्या हिश्श्यावर येते. उलट सुया वाढवून मोठी बंदूक आणली की ती हवा जास्त मागते, त्यामुळे घट वाढते आणि ठोका दुबळा होतो. मालकांची प्रत्येक नवी खरेदी मूळ दुखणे वाढवत होती. ठोका दुबळा झाला की कामगार बंदूक रेटून धरतो, रेटली की सुयांना खेळायला जागा उरत नाही, आणि जो धक्का गंजात जायचा तो मनगटात जातो. मालकांनी पाइप बदलला, काम सुधारले, आणि त्याचे श्रेय त्यांनी त्याच आठवड्यात आलेल्या चौथ्या कंपनीच्या बंदुकीला दिले.

त्याच बार्जवर तळाजवळच्या एका प्लेटीतून बंदूक आरपार गेली आणि होल्डमध्ये पाणी येऊ लागले. कामगाराला सगळे रागे भरले. वास्तविक त्याने प्लेट फोडली नव्हती, प्लेट केव्हाच गेली होती आणि गंज तिची जागा धरून बसला होता. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे डोळ्यांना जाड दिसणारा भाग प्रत्यक्षात कागदासारखा उरलेला असू शकतो. जलरेषेखालच्या प्लेटीला तरंगत्या बार्जवर सुया लावण्याआधी अल्ट्रासोनिक मापकाने जाडी तपासणे, हे मी सांगायला नको, पण सांगतो.

छोट्या कारखानदारांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचा पाइप आखूड असतो, पण कॉम्प्रेसर तोकडा असतो आणि टाकी पाहून त्यांची फसगत होते. हिशेब करून पाहा. टाकी ५० लिटरची आहे आणि दाब आठ किलोवरून सहावर आला की काम थांबवायचे आहे. म्हणजे वापरायला मिळाली सुमारे १०० लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या दाबाची, हवा. बंदूक १० सीएफएमची (मिनिटाला दहा घनफूट), म्हणजे मिनिटाला सुमारे २८३ लिटर हवा पिणारी, असली तर टाकीतला साठा एकवीस सेकंदांत संपतो, आणि पुढे जी चालते ती फक्त कॉम्प्रेसरच्या चालू कमाईवर. हे पगारदाराच्या घरासारखे आहे: एक तारखेला श्रीखंड, दहा तारखेपासून पिठले. दुकानातल्या चाचणीत बंदूक श्रीखंडावर चालते आणि आपण खूश होऊन घरी येतो. पिस्टन कॉम्प्रेसर ९० पीएसआयला एका अश्वशक्तीमागे साधारण चार सीएफएम प्रत्यक्ष हवा देतो, असा ठोकताळा आहे; त्या हिशेबाने या बंदुकीला अखंड चालवायला अडीच-तीन अश्वशक्ती हवी. आणि पाटीवर लिहिलेला ‘डिस्प्लेसमेंट’चा, म्हणजे पिस्टन ओढतो त्या जागेचा, आकडा म्हणजे मिळणारी हवा नव्हे, मिळणारी हवा त्याहून बरीच कमी असते.

आता माझी दुसरी तक्रार, जी रंग-निरीक्षकांना उद्देशून आहे, आणि ती ऐकून ते उठून जाणार नाहीत अशी आशा आहे. आपल्याकडे चकाकले म्हणजे स्वच्छ झाले असे मानतात. याला पोलादाच्या सफाईचे दर्जे ठरवणाऱ्या आयएसओ ८५०१-१ या मानकाचाही थोडा हातभार आहे, कारण त्यातल्या एसटी ३ या दर्जाचे वर्णनच धातूची झळाळी दिसावी असे आहे. पण त्या दर्जात फक्त सैल गंज, सैल मिल स्केल (तापलेले पोलाद लाटताना त्यावर चढणारा ऑक्साइडचा थर) आणि सैल रंग काढण्याची अट आहे. घट्ट चिकटलेला मिल स्केल राहिला तरी चालतो. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून फिरवला की हा उरलेला थर आणि गंजसुद्धा घासून गुळगुळीत होतो, छान चमकतो, आणि त्यावर रंग आपला पाय रोवू शकत नाही. शिवाय मिल स्केल उघड्या पोलादापेक्षा विद्युतरासायनिकदृष्ट्या वरचढ असल्याने त्याच्या फटीतून पाणी शिरले की खालचे पोलाद झपाट्याने खाल्ले जाते. याउलट अमेरिकेतल्या एसएसपीसी या रंगकामाची मानके ठरवणाऱ्या संस्थेचा (ती आता एएमपीपीत विलीन झाली आहे) एसपी ११ हा दर्जा डोळ्यांना दिसणारा सगळा गंज, मिल स्केल आणि रंग काढायला सांगतो, फक्त खड्ड्यांच्या तळाशी किंचित अवशेष चालवून घेतो, आणि वर किमान २५ मायक्रॉनचा खरखरीतपणा मागतो. तारेचा ब्रश हा खरखरीतपणा देऊ शकत नाही. नीडल गन देऊ शकते. म्हणून ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या झोतातून खरखरीत कण मारून सफाई, शक्य नसेल तिथे कंत्राटात ‘एसटी ३’ एवढेच न लिहिता एसपी ११ लिहावे, असे मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. कंत्राटदार माझ्याकडे पाहून हसतात आणि मग माझ्याकडे पाहणे बंद करतात.

पण बंदुकीचाही एक दोष कबूल करायला हवा. ठोकताना ती जशी गंज उडवते तशी काही गंज, तेल आणि मीठ खड्ड्यांत ठोकून बसवतेही. म्हणून आधी तेलकटपणा काढावा, मग गोड्या पाण्याने धुवावे, वाळल्यावरच सुया लावाव्यात. खारवट पाण्यात राहिलेल्या पोलादावर क्लोराइड डोळ्यांना दिसत नाही. ब्रेसल पट्टी, म्हणजे मीठ तपासायची चिकटपट्टी, लावून, तिच्यात शुद्ध पाणी सोडून, ते परत काढून त्याची विद्युतवाहकता मोजली तरच ते कळते. सुया चालवून प्लेट स्वच्छ दिसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डेच तेवढे तांबूस झाले, तर ते मीठ समजावे.

मित्रहो, अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि तीत दहा मिनिटे असा आकडा आहे, ज्याचा पूर्वार्ध बहुधा ती माझ्यापर्यंत येण्यातच संपला. तेव्हा पत्रिकेवरचा विषय भराभर घेतो.

पहिली गोष्ट हाताची, आणि ती घाईतही सोडणार नाही. १९१८ साली अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्ड येथे, हवेच्या हातोड्याने चुनखडी घडवणाऱ्या कारागिरांची बोटे थंडीत पांढरी पडतात याची नोंद केली. आपल्या किनाऱ्यावर तशी थंडी नाही, त्यामुळे बोटे क्वचितच पांढरी पडतात. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, सदऱ्याची गुंडी लागेनाशी होते, आणि ते वयावर ढकलले जाते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या सरासरीने कंपाची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे आणि २.५ वर उपाय सुरू करायचे आहेत. बंदुकीचा कंप १० असेल तर अर्ध्या तासात उपायांची पातळी येते आणि दोन तासांत मर्यादा संपते. २० असेल तर मर्यादाच अर्ध्या तासात संपते. हे तास घोडा दाबलेला असतानाचे आहेत, हजेरीपटावरचे नव्हेत. म्हणून सुयांची संख्या विचारण्याआधी दुकानदाराला कंपाचा आकडा विचारा, आणि कंप शोषणाऱ्या नमुन्याची किंमत जास्त असली तरी तीच घ्या.

आता सुया. कोपरे, बोल्ट, रिव्हेट यांसाठी बारा सुयांची हलकी बंदूक पुरते. डोक्यावर धरून काम करायचे असेल तर तीच घ्यावी. एकोणीस आणि अठ्ठावीस सुयांची बंदूक बीम, कोमिंग (होल्डच्या तोंडाची उभी कड), चेनप्लेट (दोर-साखळ्या अडकवायची पट्टी) अशा जाड पोलादासाठी ठीक. सपाट, मोठ्या प्लेटीवर नीडल गन हे मुळात योग्य हत्यारच नाही. तिथे ब्लास्टिंग करा, ते नसेल तर रोटरी यंत्र वापरा. पातळ पत्र्यावर ती लावू नका, पत्रा ताणला जाऊन लाटा उठतात. सर्वसाधारण कामाला सपाट टोकाच्या सुया, चिवट जुन्या रंगाला छिन्नीसारख्या टोकाच्या, आणि स्टेनलेस स्टीलवर स्टेनलेसच्याच सुया घ्याव्यात, नाहीतर साध्या पोलादाचे कण त्यात रुतून तेच गंजतात. हवेवर चालते म्हणून ती इंधनाच्या टाकीत सुरक्षित असते, हा समज घातक आहे. पोलादी सुया ठिणगी पाडतात. तिथे आधी टाकी गॅसमुक्त असल्याचा दाखला, मग बेरिलियम-तांब्याच्या सुया, आणि त्यांची धूळ विषारी असल्याने श्वसनमुखवटा. जुन्या पुलांवर आणि जुन्या जहाजांवर शेंदरी, म्हणजे शिशाचा, प्रायमर निघतो. तिथे धूळ ओढून घेणारे आवरण असलेलीच बंदूक वापरावी आणि कामाचे कपडे घरी धुवायला नेऊ नयेत.

वापरताना ती रेटू नये, तिच्या वजनाने चालू द्यावी, आणि हवेत मोकळी वाजवत ठेवू नये. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सोडावे, पाइपवर जलविभाजक आणि तेलदाणी असावी, आणि तेलदाणी नसेल तर काम सुरू करताना हवेच्या तोंडातून एअर टूल ऑइलचे चार थेंब टाकावेत. सुया झिजल्या की संच एकदम बदलावा. दोन-चार नव्या सुया जुन्यांत घातल्या तर त्या लांब पडतात, सगळा मार त्याच खातात आणि बाकीच्या नुसत्या खुळखुळतात.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. प्रश्न मागच्या अंगणातच विचारा. तिथे एक गंजलेली कोनपट्टी, कॉम्प्रेसर, दोन घड्याळे आणि दोन्ही व्यासांचे पाइप मांडून ठेवले आहेत. कानांत घालायची बोंडे आणि चष्मे दारापाशीच्या खोक्यात आहेत, आणि ते घातल्याशिवाय कोणालाही, अगदी अध्यक्षांनाही, आत सोडू नये असे मी स्वयंसेवकांना सांगून ठेवले आहे.