बासचे पिकअप बदलले, त्याची गोष्ट

(दृश्य – नाशिक, सिडको. प्रॅक्टिसची छोटी खोली, संध्याकाळ. ट्यूबलाइट लागते आणि लगेच अँपमधून घूंऽऽ सुरू होतं.)

हा जो घूं ऐकू येतोय ना, हा मी तीन वर्षं ऐकला. ट्यूब लावली की सुरू, बास गिटारच्या तारांवर हात ठेवला की जरा कमी, हात उचलला की परत हजर. आपल्या घरातली लाइट ५० हर्ट्झची, त्यामुळे हा घूं पण ५० चा आणि त्याच्या पटीतला, आणि माझ्या बासची सगळ्यात जाड तार, ई, ती मोकळी वाजते साधारण ४१ हर्ट्झला. म्हणजे अगदी शेजारीशेजारी. बासवाल्याचं घरच त्या पट्ट्यात आहे, तिथंच हा घूं येऊन बसतो.

पण खरं सांगायचं तर पिकअप, म्हणजे तारांखालचा तो भाग जो तारेचं हलणं विजेत बदलून अँपला पाठवतो, तो बदलायचं मनात आलं ते या घूंमुळे नाही.

(दृश्य – गणपतीतल्या रात्रीच्या लाइटिंगचे फोटो, मागून लांबून ढोलाचा आवाज.)

गणपतीत एका कॉलनीच्या कार्यक्रमात वाजवत होतो, मागच्या गल्लीतून ढोल पथक चाललेलं, आणि नाशिकचा ढोल म्हणजे काय ते नाशिककराला सांगायला नको, छातीत वाजतो. गाणं संपल्यावर साउंडवाला दादा स्टेजजवळ आला आणि अगदी चांगल्या मनानं म्हणाला, "भाऊ, तुझा बास येतोय रे भरपूर, पण तू काय वाजवतोयस ते कळत नाही." रात्री घरी जाताना द्वारकेच्या सिग्नलला उभा होतो तरी डोक्यात तेच. येतोय भरपूर, पण कळत नाही.

तर आता हे का होतं, ते आधी बघू, कारण माझ्यासाठी अख्खी गोष्ट इथं आहे. ई तार ४१ ला वाजते म्हणलं, पण ती एकट्या ४१ ला वाजत नाही, तिच्यासोबत ८२, १२३, १६५ असे वरचे वरचे स्वर पण वाजत असतात, आणि आपला कान सूर ओळखतो तो बराचसा या वरच्या मंडळींवरून. तुम्ही हा व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर बघत असाल तर ४१ हर्ट्झ त्यातून जवळपास बाहेर पडतच नाही, तरी तुम्हाला खालचा सूर ऐकू आल्यासारखा वाटतो, तो कान स्वतः जुळवतो. मग पिकअपनं जर हे वरचे स्वर खाऊन टाकले तर उरतं काय, नुसती धडधड. आवाज मोठा, सूर गायब.

म्हणून लगेच ऑनलाइन जाऊन पिकअप मागवले का? नाही, आणि तुम्ही पण मागवू नका. माझ्या बासवरच्या तारा दीड वर्ष जुन्या होत्या, घामानं आणि धुळीनं मेलेल्या. त्या बदलल्यावरच निम्मा फरक पडला, हे मला मनापासून सांगायचंय कारण हे कुणी सांगत नाही. दुसरं म्हणजे पिकअपची उंची, ती दोन बाजूंच्या स्क्रूवर असते, फुकटचं काम आहे. शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर, तार दाबायची आणि पिकअपपासून तारेपर्यंत किती जागा आहे ते मोजायचं, साधारण ३ मिमीच्या आसपास ठेवून मग कानानं वरखाली करायचं. जास्त आवाज पाहिजे म्हणून मी पिकअप पार तारांना चिकटवून ठेवले होते, तर चुंबकच तार ओढत होता, सूर लवकर मरायचा आणि वरच्या फ्रेटवर बेसूर वाटायचा. हे दोन्ही करून झाल्यावर जी धडधड उरली ती मात्र पिकअपची होती.

(दृश्य – सातपूर. मोटर वाइंडिंगचं दुकान. दारात पाण्याच्या मोटरी ओळीनं ठेवलेल्या, आत तारेची रिळं.)

आता इथं तुम्ही म्हणाल की बासच्या व्हिडिओत वाइंडिंगचं दुकान कुठून आलं. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत इथं पाय ठेवायला जागा नसते, निफाड, दिंडोरीकडनं जळालेल्या मोटरी येतात आणि शेतकरी डोक्यावर उभा असतो, आजच पाहिजे म्हणून. दुकानातले काका आमच्या ओळखीचे. माझ्या जुन्या पिकअपपैकी एक मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उलटासुलटा करून बघितला, मीटर लावला आणि म्हणाले, "कॉइल आहे की रे ही."

बरोबर, एवढंच आहे ते. चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाच्या वर हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये बारीकशी वीज तयार होते, फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेली तीच गोष्ट, ज्याच्यावर काकांचं दुकान चालतं आणि ज्याच्यावर माझा बास पण चालतो. काकांच्या हातात ती मोठ्या अंगानं आहे, माझ्या हातात बारीक.

किती बारीक, तर पिकअपची तार अमेरिकन गेजनं ४२ नंबरची, म्हणजे जाडी साधारण ०.०६३ मिमी, केसाएवढी समजा. गंमत म्हणजे आपल्याकडे वाइंडिंगवाले बोलतात ते ब्रिटिश गेजमध्ये, त्या हिशेबानं ४२ नंबर मागितली तर ०.१ मिमीची तार मिळेल, जवळपास दीडपट जाड. आपल्या नंबरात ही तार ४६ च्या जवळ जाते. हे मला काकांनी तक्ता उघडून दाखवलं, नाहीतर हौसेनं स्वतः गुंडाळायला बसलो असतो तर पहिल्याच पायरीला चुकलो असतो.

मग मी विचारलं, काका, वेढे जास्त मारले की आवाज वाढेल ना? म्हणाले, व्होल्टेज वाढेल, पण कॉइल जड होईल. आणि अगदी तसंच आहे. वेढे वाढले की आवाज मोठा येतो, पण वरचे स्वर दबतात. म्हणजे जो पिकअप दुकानात वाजवून बघताना एकदम दणकट वाटतो तो स्टेजवर दहा वाद्यांमध्ये गदळ होऊ शकतो. माझ्या जुन्या पिकअपमध्ये तर लोखंडी खिळे आणि खाली चिकटवलेल्या सिरॅमिक चुंबकाच्या पट्ट्या होत्या, त्या लोखंडानं वरचे स्वर अजून दबतात. सिरॅमिक वाईटच असतं असं नाही हं, त्याचे चांगले पिकअप पण आहेत, माझे चांगले नव्हते.

अजून एक साम्य सापडलं ते मला फार आवडलं. काका मोटरची कॉइल वार्निशमध्ये बुडवतात, वेढे हलू नयेत म्हणून. पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात, त्याच कारणासाठी. वेढे ढिले राहिले तर मोठ्या आवाजात पिकअप मायक्रोफोनसारखा वागतो आणि शिट्टी मारायला लागतो.

(दृश्य – बासचा जवळून शॉट, दोन्ही पिकअपवरून हळूहळू कॅमेरा जातो.)

माझा बास जॅझ बासच्या धर्तीवरचा आहे, दोन सिंगल कॉइलवाला, म्हणजे एकेका कॉइलचे दोन पिकअप. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीनं प्रिसिजन बास आणला १९५१ ला, त्यात १९५७ ला दोन तुकड्यांचा पिकअप आला आणि जॅझ बास आला १९६० ला. तो दोन तुकड्यांचा पिकअप म्हणजे अर्धा दोन तारांखाली, अर्धा दुसऱ्या दोन तारांखाली, एकाचा चुंबक उलटा आणि वेढेही उलटे. बाहेरचा घूं दोन्हीत येतो पण एकमेकांविरुद्ध, म्हणून मरतो. तारेचा आवाज मात्र मरत नाही. जॅझ बासमध्ये हीच युक्ती दोन वेगळ्या पिकअपमध्ये चालते, दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की घूं गायब, एक कमी केला की आला परत. माझ्या जुन्या जोडीत दोन्ही एकाच दिशेनं गुंडाळलेले निघाले, म्हणजे घूं मरणार तरी कसा.

बॅटरीवाले ॲक्टिव्ह पिकअप घ्यावेत का यावर बराच घोळ घातला. ९ व्होल्टची बॅटरी लागते, व्हॉल्यूमचे पॉट, म्हणजे बटणाखालचे फिरते रेझिस्टर, पण बदलावे लागतात, साध्याला २५० किलोओहम लागतो आणि त्याला बहुतेक वेळा २५. आवाज स्वच्छ असतो, नाव ठेवायला जागा नाही, पण मला बोटांच्या कमीजास्त जोराला उत्तर देणारा आवाज पाहिजे होता, म्हणून साधे अल्निको चुंबकाचे घेतले. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचं मिश्रण, त्यात लोखंडही असतं. या पिकअपमध्ये तारेखाली दिसतो तो गोल खांबच चुंबक असतो.

पार्सल आलं आणि एक पिकअप खाचेत बसेना. जॅझ बासच्या जोडीत ब्रिजकडचा (तारा खालच्या टोकाला जिथं अडकवतात तिकडचा) पिकअप मानेकडच्यापेक्षा साधारण ३ मिमी लांब असतो, आणि माझ्या बासमध्ये दोन्ही खाचा सारख्या, लहान मापाच्या. मी मागवण्याआधी मोजलंच नव्हतं. तुम्ही मोजा, पट्टी घेऊन, कव्हरसकट. मी पंचवटीतल्या एका सुतारदादांकडे गेलो, त्यांनी पटाशीनं दीड दीड मिमी दोन्ही बाजूंनी इतक्या हळू हातानं काढलं की रंगाचा एक टवका उडाला नाही.

(दृश्य – टेबल, सोल्डरिंग आयर्न, धूर.)

सोल्डरिंगचं काम घाबरण्यासारखं नाही. काढायच्या आधी जुन्या वायरिंगचा फोटो काढा. पॉटच्या पाठीवर अर्थिंग जोडताना आयर्न गरम पाहिजे आणि हात झटपट पाहिजे, रेंगाळलात तर पॉट आतून जळतो. ब्रिजखालून येणारी एक वायर असते, ती विसरू नका, तारांवर हात ठेवल्यावर घूं कमी होतो तो तिच्यामुळेच. खाचांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती पण अर्थला जोडली. आणि तारा चढवायच्या आधी अँप लावून स्क्रूड्रायव्हरनं चुंबकावर हलकेच टक करून बघायचं, दोन्हीकडून टक आला पाहिजे.

मला टक आला, तारा चढवल्या, एकेकटा पिकअप मस्त, आणि दोन्ही एकत्र केले तर आवाज पातळ, पोकळ, डबड्यातून आल्यासारखा. पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं की एका पिकअपच्या दोन वायरी मी उलट्या जोडल्यात, दोघं एकमेकांचा आवाज खातायत. वायरी अदलाबदल केल्या आणि खोली भरली.

(दृश्य – तीच खोली. ट्यूबलाइट लागते. शांतता.)

ट्यूब चालू आहे, अँप चालू आहे.

आता एकच ओळ दोनदा ऐकवतो. तारा त्याच जातीच्या, तेव्हाही नव्या होत्या आणि आत्ताही नव्या आहेत, अँपची बटणं जिथल्या तिथं, उंची मोजून सारखी. आधी जुने पिकअप, मग नवे. हेडफोनवर ऐका, आणि नंतर मुद्दाम फोनच्या स्पीकरवर पण ऐका. काकांना मी फोनवरच ऐकवलं, दुकानात, मागे ग्राइंडर चालू होता. दुसऱ्या वेळेला त्यांनी हातातली रीळ खाली ठेवली आणि टेबलावर बोटानं माझ्या ओळीबरोबर एकेक सूर ठोकत गेले, एकही न चुकता.

(आवाज – जुने पिकअप, आठ मात्रा. दोन सेकंद शांतता. नवे पिकअप, आठ मात्रा.)