विषारी सापाचे दात नेमके असतात तरी कुठे?

साप म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, भलामोठा उघडलेला जबडा आणि पुढे दोन लांब सुळे. पण खऱ्या नागाच्या तोंडात बघितलं तर दात इतके बारके असतात की विश्वासच बसत नाही, जेमतेम काही मिलिमीटर. कारण साधंय, नागाचे विषदंत जबड्याला पक्के बसलेले असतात, मिटता येत नाहीत, मग लांब वाढले तर तोंड बंद करताना स्वतःलाच टोचणार ना. मण्यार, आफ्रिकेतला माम्बा, समुद्री साप, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तेच.

घोणस आणि फुरसं यांनी हा प्रॉब्लेम सोडवलाय. दात ज्या हाडावर बसलाय ते हाडच फिरतं, त्यामुळे एरवी दात टाळूला चिकटून आडवे पडलेले असतात आणि हल्ला करताना खाडकन उभे राहतात. म्हणून तर यांच्याच कुळातल्या, आफ्रिकेतल्या गबून व्हायपरला ५ सेंटिमीटरचे दात परवडतात. दात आतून पोकळ, अगदी इंजेक्शनची सुई, आणि भोक टोकावर नाही तर टोकाच्या जरा वर, म्हणजे टोक धारदार राहतं. थुंकणाऱ्या नागांमध्ये हेच भोक लहान, गोल आणि समोर तोंड करून असतं, की विषाची पिचकारी थेट समोरच्याच्या डोळ्यात.

आता मागे दात असलेले. हरणटोळ, मांजऱ्या वगैरे. यांचे विषदंत वरच्या जबड्यात पार मागे, आणि नळीऐवजी बाहेरून नुसती खाच, विष त्या खाचेतून ओघळत जातं. माणसाला यांच्यापासून काही होत नाही असं जाणकारसुद्धा बरीच वर्षं धरून चालले होते. १९५७ साली शिकागोत कार्ल श्मिट नावाच्या नामांकित सर्पतज्ज्ञाला बूमस्लँगचं, म्हणजे मागे दात असलेल्या एका आफ्रिकी सापाचं, पिल्लू अंगठ्याला चावलं, एवढासा साप, त्यातही मागचा एकच दात लागलेला. श्मिट घरी जाऊन आपल्याला काय काय होतंय ते शांतपणे वहीत लिहीत बसले, आणि एका दिवसात गेले.

गंमत म्हणजे पुढचे काय आणि मागचे काय, गर्भात सगळे विषदंत जबड्याच्या मागच्या भागातच तयार होतात, नाग-घोणशीत ते वाढता वाढता पुढे येतात, हे २००८ च्या एका संशोधनात दिसलं. आणि दात तुटला तरी मागे स्पेअर तयारच असतो, त्यामुळे 'दात काढलेला साप' या शब्दावर फार विसंबू नका.

पण सगळ्यात आगाऊ प्रकार म्हणजे आफ्रिकेतलाच स्टिलेटो साप. हा तोंड उघडतच नाही. एका बाजूचा दात ओठाखालून आडवा बाहेर काढतो आणि मान झटकून मागे भोसकतो. साप धरणारे नेहमी डोक्यामागे पकडतात, चावता येऊ नये म्हणून, तर याला तसं पकडलं की तो पकडलेलंच बोट फोडतो.