एकाच करप्याच्या तीन प्लेटा

मंडळी, या तीन प्लेटा आधी हातोहात फिरवा. झाकण मात्र उघडू नका. तिन्हींत अश्वगंधेच्या करपलेल्या पानावरून काढलेली बुरशी आहे. एक पान निफाडचं, एक दिंडोरीचं, एक सिन्नरचं. तिघींचं खाणं सारखंच: लिटरभर पाण्याला २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज म्हणजे साखर, आणि ते सगळं घट्ट करायला २० ग्रॅम अगर. एकाच दिवशी लावल्या, एकाच कपाटात ठेवल्या. आता बघा. पहिली काळपट हिरवी, मखमलीसारखी, आत कांदा आडवा चिरावा तशी कडी. दुसरी राखाडी, पिंजलेल्या कापसासारखी. तिसरी अजून कडेपर्यंत पोचलेलीच नाही. आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही एकाच जातीच्या बुरशा, अल्टरनेरिया अल्टरनाटा! तपकिरी, गदेच्या आकाराचे बीजाणू, त्यांना आडवे-उभे पडदे, एकामागे एक माळेत ओवलेले.

आपल्याकडे पान जळालं की करपा, एवढं म्हणून आपण मोकळे होतो. कांद्यावरचा जांभळा करपा आणि टोमॅटोवरचा लवकर येणारा करपा हे या बुरशीचेच भाऊबंद घडवतात, पण त्या जाती वेगळ्या. इथे तर जात एकच, तरी तिघींचा स्वभाव तीन तऱ्हांचा.

हे कसं होतं? या बुरशीत नर-मादीचा संकर आजवर कुणाला दिसलेला नाही. मग सगळ्या एकमेकींच्या हुबेहूब नकला हव्यात ना? तसं नाही. तिच्या एकेका पेशीत अनेक केंद्रकं असतात. दोन तंतू शेजारी आले की जुळतात, केंद्रकांची सरमिसळ होते, शिवाय उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत आपोआप होणारे बदल, चालूच असतं. जपानमध्ये स्ट्रॉबेरीवरच्या अल्टरनेरियात तर रोग घडवणाऱ्या विषाची जनुकं एका जादा गुणसूत्रावर सापडली. ते गुणसूत्र गळालं तरी बुरशी मजेत वाढते, फक्त रोग घडवत नाही. आपल्या सुरगाण्यातही आता स्ट्रॉबेरी होते, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिलं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. मी एका आयसोलेटवर, म्हणजे एकाच पानावरून वेगळ्या केलेल्या बुरशीवर, एक बुरशीनाशक तपासलं. प्लेटमधल्या तिच्या खाण्यात औषध मिसळलं, बुरशी जागच्या जागी थांबली. सिन्नरच्या एका शेतकरीदादांना मी खात्रीने तेच सांगितलं. त्यांनी दोनदा फवारलं, करपा हटला नाही. मग त्यांच्याच शेतातलं पान आणून बुरशी वेगळी केली. तेवढ्याच मात्रेत ती आरामात वाढली. दादांचा खर्च गेला तो माझ्या अर्धवट तपासणीमुळे. स्ट्रोबिल्युरिन गटातल्या बुरशीनाशकांचं तर असं आहे, की बुरशीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसीन हे अमिनो आम्ल जाऊन अ‍ॅलनीन हे दुसरं आलं, एवढ्यानेच औषध निकामी होतं. वाणाचंही तेच. एकाच बुरशीपुढे टिकला म्हणून वाण करप्याला दाद देत नाही असं कुणी सांगितलं, तर किती ठिकाणच्या बुरशीवर तपासलात, हे जरूर विचारा.

हे पीक औषधी आहे, म्हणून मला जास्त काळजी वाटते. पावसाच्या शेवटी पेरायचं, पाच-सहा महिन्यांनी मुळी काढायची. ती वाळवून, कुटून लोक दुधातून घेतात. पान गेलं की मुळी पोसायची कुणी? आणि उगाच वाढवलेल्या फवारण्यांचा अंश त्या मुळीत राहिला तर?

म्हणून मला तुमची पानं हवी आहेत, वेगवेगळ्या गावांची. पूर्ण वाळलेलं पान आणू नका, त्यावर नंतर आलेल्या दुसऱ्याच बुरशा वाढतात. ठिपका ताजा हवा, कड अजून हिरवी हवी. प्लॅस्टिकमध्ये घालू नका, घाम धरून पान कुजतं. कागदी पाकिटं दाराशी ठेवली आहेत. पाकिटावर गाव, तारीख आणि आधी काय फवारलं ते लिहा. पेन्सिलीने लिहा, ओल लागली की शाई पसरते.