टाक्यापाशी दिसलेली गाठ

नमस्कार श्रोतेहो. जालना, बीड, परभणी, हिंगोली, कुठूनही ऐकत असाल, घरात कोणाचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्यांनाही बोलवा रेडिओजवळ.

कसं होतं बघा, ऑपरेशनला वर्ष होतं, माणूस शेतात जायला लागतो, भाकरी पचायला लागते, आणि तपासणीच्या सीटी स्कॅनमध्ये जोडाच्या जागी काहीतरी दिसतं. रिपोर्टात लिहून येतं, रिकरन्स नाकारता येत नाही, म्हणजे कॅन्सर परतला नाही असं ठामपणे सांगता येत नाही. झालं, घरात रडारड, कोणी जमीन विकायचं काढतं, कोणी म्हणतं आता कशाला हाल करता त्यांचे. जरा थांबा. त्या ओळीचा अर्थ एवढाच की अजून तपासायचं राहिलंय.

आतडं कापून दोन टोकं जोडली की आत टाक्याचा धागा नाहीतर स्टेपलच्या बारीक पिना राहतात, शरीराला ते परकं वाटतं आणि त्याच्याभोवती पेशी जमून गाठ होते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडं बघतात त्यात, तिथं लालभडक उंचवटा दिसतो, दुर्बीण टेकली तरी रक्त येतं, कधी मधूनच धाग्याचं टोक बाहेर आलेलं असतं. बघून कोणालाही धडकी भरेल. पण तुकडा तपासला की धाग्याला चिकटलेल्या मोठमोठ्या पेशी दिसतात आणि कॅन्सरची एकही नसते. गुदाशय काढलेल्यांना माकडहाडाच्या पुढं जाड व्रण राहतो, तोही स्कॅनवर गोळ्यासारखाच. आणि आपल्याकडं आतड्याचा टीबी! तो तर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, पण टीबीच्या गोळ्यांनी बरा होतो.

पेट स्कॅन चमकला म्हणून पण घाबरून जाऊ नका. पेशी साखर किती ओढतात ते त्यात दिसतं, आणि सूज असली, टीबी असला तरी पेशी साखर ओढतातच. रक्तातलं सीईए, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत थोडं जास्त असतं, लिव्हरच्या आजारातही वाढतं, म्हणून बिडी ओढत असाल तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

आता उलटी बाजूही ऐका, कारण ही जास्त महत्त्वाची. कॅन्सर खरंच परतला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, आणि पुष्कळदा आतड्याच्या बाहेरच्या बाजूनं वाढत येतो, मग आतून घेतलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही. म्हणून एक बायोप्सी, म्हणजे तुकड्याची तपासणी, चांगली आली की सुटलो म्हणून घरी बसू नका, डॉक्टर म्हणतील तेव्हा परत स्कॅन करा, जुन्याशी ताडून बघू द्या. व्रण सहसा तेवढाच राहतो किंवा आक्रसतो, कॅन्सर वाढत जातो.

संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला जा की बार्शीला, सोबत नुसता नवा रिपोर्ट नेऊ नका. जुन्या स्कॅनची सीडी, ऑपरेशनचा कागद, आणि पहिल्या गाठीच्या काचेच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा ज्यात बसवून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक जिथं तपासणी झाली त्या लॅबमधून मागून घ्या, मागितला की देतात.