डायटच्या हिरवळीवरचे ३४ दिवस

(दृश्य : शिकागोचा दक्षिण भाग, वॉशिंग्टन पार्क. सकाळ.)

१७ ऑगस्ट २०१५. डायट हायस्कूलच्या बाहेर, हिरवळीवर खुर्च्या मांडल्या गेल्या. बारा जण बसले. त्यात पालक होते, आज्या होत्या, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते होते. त्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं. उपोषण. आपल्याला हा शब्द समजावून सांगायला नको. अमेरिकेतल्या एका शाळेच्या दारात तो बघणं मात्र नवं होतं.

शाळा एका दिवसात बंद पडत नाही. निकाल चांगला नाही, असं कारण देऊन २०१२ मध्ये डायट गुंडाळायचं ठरलं. नवे प्रवेश थांबले की दरवर्षी एक इयत्ता आपसूक गळते. जून २०१५ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली, तेव्हा तिच्यात मुलं होती १३.

खरं तर शिकागोच्या पालकांच्या हातात कायद्यानं बरंच काही होतं. १९८७ मध्ये शिक्षकांचा संप १९ दिवस चालला, पालक चिडले. महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी त्यांना चर्चेला बोलावलं. त्याच नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन वारले. पण १९८८ मध्ये राज्यानं कायदा केला. प्रत्येक शाळेला निवडून आलेली परिषद, त्यात सहा पालक, दोन शिक्षक, दोन रहिवासी आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापक नेमायचा की बदलायचा, हे ही परिषद ठरवणार!

पण शाळा राहणार की जाणार, हे ठरवणारं शहराचं शिक्षण मंडळ १९९५ पासून महापौरांनी नेमलेलं होतं. २०१३ मध्ये याच मंडळानं एका झटक्यात सुमारे ५० शाळा बंद केल्या, बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या. आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. कमी पटाची शाळा बंद करायचा विषय निघाला, की त्यांना कोण विचारतं?

(दृश्य : रिकाम्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या.)

डायटचे पालक नुसते 'शाळा वाचवा' म्हणत नव्हते. हरित तंत्रज्ञान शिकवणाऱ्या हायस्कूलचा आराखडा त्यांनी स्वतः तयार केला होता. प्रवेशासाठी चाळणी नको, वस्तीतल्या कुठल्याही मुलाला दार उघडं हवं. शाळेसाठी आलेल्या आराखड्यांवरची सुनावणी पुढे ढकलली गेली, तेव्हा ते उपोषणाला बसले.

२ सप्टेंबरला महापौर राम इमॅन्युएल अर्थसंकल्पावर लोकांचं ऐकायला आले. आंदोलक व्यासपीठापर्यंत पोचले आणि महापौरांना सुरक्षारक्षकांनी बाहेर नेलं. दुसऱ्याच दिवशी घोषणा झाली : डायट पुन्हा सुरू होईल, प्रवेश सर्वांना खुला, पण शाळा कलाशिक्षणाची. पालकांचा आराखडा बाजूलाच राहिला.

म्हणून उपोषण थांबलं नाही. कलाशिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. आपल्याशी न बोलता ठरलं, हे त्यांना झोंबलं, आणि ते झोंबणं मला तरी रास्त वाटतं. ३४व्या दिवशी त्यांनी उपोषण सोडलं. २०१६ मध्ये शाळा उघडली, कलेचीच.

(दृश्य : मतदान केंद्राबाहेरची रांग.)

शिक्षण मंडळ लोकांनी निवडावं, असा कायदा २०२१ मध्ये झाला. पहिली निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये, २१ पैकी १० जागांसाठी. निवडून आलेल्यांत जितू ब्राउन हे नाव होतं. नऊ वर्षांपूर्वी त्या हिरवळीवर उपाशी बसलेल्या बारा जणांपैकी एक.