मोगऱ्याची उदबत्ती आणि दुकानातली बढती

नमस्कार श्रोतेहो. बारावी झालेली, कॉलेज करता करता काम शोधणारी बरीच मुलंमुली सध्या सुपरमार्केटमध्ये नोकरीला लागतात. आपल्याकडे हा दुकानाचा प्रकार आजकालचा नाही. मुंबईत ज्या कामगारांच्या सहकारी संस्थेतून अपना बाजार उभा राहिला, ती १९४८ सालची. मोठ्या साखळ्यांची दुकानं त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. तर आजचा विषय आहे या दुकानांतली नोकरी, आणि त्यात वर कसं जायचं.

पायऱ्या साधारण ठरलेल्या असतात. सुरुवात फ्लोअरवर किंवा कॅश काउंटरवर. मग सिनियर, मग एखाद्या विभागाचा इनचार्ज, पुढे फ्लोअर मॅनेजर, असिस्टंट मॅनेजर, स्टोअर मॅनेजर. नावं कंपनीगणिक बदलतात, पण खरी उडी एकच: साध्या कामगाराचा विभागाचा इनचार्ज होणं. आणि ती उडी मारतो माल मोजणारा. नीट ऐका, माल मोजणारा. हसतमुख असावं, वेळेवर यावं, हे सगळं आहेच. पण कॉम्प्युटरमध्ये किती माल दिसतोय आणि फळीवर खरोखर किती आहे, हे ज्याला सांगता येतं त्याच्याकडे विभाग जातो.

याच्यावर एक किस्सा सांगतो. एका उपनगरातलं मध्यम आकाराचं दुकान. पूजासाहित्याच्या फळीवर एकाच कंपनीची उदबत्ती, चार वास: मोगरा, चंदन, गुलाब, केवडा. पुडा तेवढाच, किंमत तेवढीच, पन्नास रुपये. श्रावणाच्या तोंडावर चंदन संपलं. गिऱ्हाईक विचारतंय, फळी रिकामी, आणि कॉम्प्युटर म्हणतो ३६ पुडे शिल्लक आहेत! आता या दुकानांत बहुतेक मालाची मागणी आपोआप जाते. शिल्लक ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली की ऑर्डर निघते. इथे तो आकडा होता १२. कॉम्प्युटरला ३६ दिसतायत, म्हणजे ऑर्डर निघणारच नाही. चंदन येणार नाही, ते येणार नाही म्हणून विकलं जाणार नाही, आणि विकलं गेलं नाही म्हणून आकडा हलणार नाही.

मॅनेजरसाहेबांनी निष्कर्ष काढला, चोरी. ३६ पुडे गेले कुठे? संशय आला साफसफाईच्या मावशींवर, कारण त्यांची बादली-झाडू ठेवायची जागा त्या फळीच्या मागेच. रोज रात्री घरी जाताना मावशींची पिशवी गेटवर उपडी व्हायला लागली. त्यातून निघायचा जेवणाचा डबा, बसचा पास आणि दाताखाली धरायची लवंग.

त्या विभागात एक मुलगी होती, फारशी न बोलणारी. दोन वेळा बढतीत मागे राहिलेली. तिने दुकान उघडायच्या आधी एक काम केलं. फक्त चंदन न मोजता चारही वास मोजले. फळीवरचे, वरच्या कप्प्यातले, मागच्या गोदामातले. आणि शेजारी कॉम्प्युटरचे आकडे लिहिले. आकडे सावकाश सांगतो. कॉम्प्युटरमध्ये चंदन ३६, गुलाब ३०, केवडा २६, आणि मोगरा उणे १४. हो, उणे! प्रत्यक्षात चंदन शून्य, गुलाब ४, केवडा ९, आणि मोगरा ६५. गोदामात मोगऱ्याची खोकी रचून ठेवलेली. आता बेरीज करा. कॉम्प्युटरची बेरीज ७८. प्रत्यक्ष बेरीज ७८. एकही पुडा चोरीला गेलेला नाही.

मग झालं काय होतं? गिऱ्हाईक चार वासांचे चार पुडे घेऊन काउंटरवर येतं. संध्याकाळची गर्दी, रांग ट्रॉल्यांनी भरलेली. कॅशियर एकच पुडा, हाताला पहिला लागलेला, स्कॅन करतो आणि संख्या टाकतो चार. बिल दोनशे रुपये, अगदी बरोबर. गिऱ्हाईक खूश, गल्ला जुळतो, कोणाची तक्रार नाही. पण कॉम्प्युटरने चारही पुडे मोगऱ्याचे वजा केले! फळीच्या कडेला मोगरा होता, म्हणून हाताला तोच पहिला यायचा. मोगऱ्याचा आकडा सतत खाली, म्हणून मोगऱ्याची ऑर्डर सतत वर.

त्या मुलीने कॅशच्या मुख्य मुलाकडून जुन्या बिलांची यादी काढून घेतली. ‘मोगरा, नग ४’ अशा ओळी ढिगाने. बहुतेक संध्याकाळी सहा ते नऊमधल्या आणि दोनच काउंटरवरच्या. कागद तिने मॅनेजरसमोर ठेवला. साहेब आधी चिडले, मग गप्प बसले. मावशींची पिशवी उपडी होणं त्याच दिवशी थांबलं. माफी कोणी मागितली नाही, हे मला अजून खटकतं. मुलगी पुढच्या फेरीत विभागाची इनचार्ज झाली.

आणि दोष एकट्या कॅशियरचा नव्हता. मिनिटाला किती नग स्कॅन केले याचा तक्ता त्यांच्या डोक्यावर लटकवलेला असेल, तर माणूस संख्येचंच बटण दाबणार. वेगाचे तक्ते लावणाऱ्यांना एकदा शनिवारी संध्याकाळी काउंटरवर उभं करावं असं माझं स्पष्ट मत आहे. उभं करावं, कारण बसायला स्टूलही नसतं! केरळने २०१८ साली दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला, कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका त्यासाठी लढल्या. तमिळनाडूने २०२१ साली दिला. आपल्याकडे मात्र दिवसभर तीच तीच सहा गाणी वाजवायला पैसे आहेत आणि स्टूलला नाहीत. असो, विषय सोडून बोलतोय.

तर उपाय. पुन्हा सांगतो, लिहून घ्या. एक, संख्येचं बटण फक्त एकाच बारकोडच्या नगांसाठी. वास, रंग, चव बदलली की प्रत्येक नग वेगळा स्कॅन. दोन, रोज सकाळी उणे शिल्लकवाल्या मालाची यादी काढायची. उणे आकडा म्हणजे हमखास गडबड, कारण फळीवर उणे चौदा पुडे असूच शकत नाहीत. तीन, फरक सापडला तर एकच वस्तू न मोजता तिची भावंडंही मोजायची. साबण, नूडल्स, दही, चिप्स, जिथे जिथे किंमत सारखी आणि चव वेगळी, तिथे हेच होतं.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भराभर. फळी लावताना जुना माल पुढे, नवा मागे. घरी नवा तांदूळ डब्यात ओतण्याआधी जुना काढून घेता, तेच इथे. नवीन मुलं घाईत नवा माल पुढे ठेवतात आणि मागे दह्याची तारीख उलटते. गाडीतून माल उतरवताना चलन, म्हणजे मालासोबत आलेला यादीचा कागद, आणि खोकी जुळवल्याशिवाय सही करू नका. फुटलेला, गळका नग तिथल्या तिथे चलनावर लिहा. नंतर लिहिलेलं कोणी मानत नाही.

कॅशवर असाल तर गिऱ्हाईकाची नोट लगेच गल्ल्यात टाकू नका. सुटे त्याच्या हातात पडेपर्यंत ती वर दिसेल अशी ठेवा. ‘मी पाचशे दिले होते, शंभर नव्हे’ हा वाद तिथेच मिटतो. गल्ला कमी भरला म्हणून परस्पर पगार कापला जात असेल, तर लक्षात ठेवा, आधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं कायद्याने बंधनकारक आहे.

नोकरी धरताना तीन गोष्टी विचारा. पगार कंपनीच्या नावाने येणार की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या? एजन्सीच्या असेल तर बढती तिथेच अडते, म्हणून कंपनीत कायम कधी करतात तेही विचारा. दुसरं, पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. पगार ईएसआयच्या मर्यादेत असेल तर तुमच्या पगारातून पाऊण टक्का जातो. पहिली पगाराची चिठ्ठी आली की तो कापलेला दिसतो का ते बघा आणि ईएसआयचा नंबर मागून घ्या. तिसरं, सुट्टी. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी तुमची आहे आणि जास्तीच्या तासांना दुप्पट दर आहे. सणाच्या महिन्यात हे दोन्ही सोयीस्करपणे विसरलं जातं, म्हणून आपले तास आपल्या वहीत लिहून ठेवा, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ.

शिक्षण अर्धवट असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरी सांभाळून करता येते. प्रवेशाच्या तारखा मात्र त्यांच्याच अभ्यास केंद्रावर विचारा, दुकानातल्या सिनियरला विचारू नका.

नमस्कार.