सुटकेसभर मतं

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील. आज अमेरिकेतल्या निवडणुकांबद्दल बोलायचंय, तिथं चर्च आणि कातडीचा रंग मिळून मतं कशी ठरवतात ते. पण माझा जीव अडकलाय १९६० च्या एका किश्श्यात, तोच आधी सांगून टाकतो.

राष्ट्राध्यक्षपदासाठी केनेडी विरुद्ध निक्सन. केनेडी कॅथलिक, आणि तिथले बाप्टिस्ट, म्हणजे पोपला न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांतला एक पंथ, गोरे काय नि काळे काय, कॅथलिक म्हटलं की नाक मुरडायचे, उद्या पोपचा हुकूम चालेल म्हणून. अटलांटातल्या एबेनेझर चर्चचे काळे पास्टर मार्टिन ल्यूथर किंग सीनियर, त्यांचाही पाठिंबा निक्सनलाच. आणि ऐन ऑक्टोबरात त्यांचा मुलगा, म्हणजे आपल्याला माहितीयत ते किंग, एका मोठ्या दुकानात काळ्यांना खायला वाढत नाहीत म्हणून तिथंच ठाण मांडून बसले आणि आत गेले. बाकीचे सुटले, यांना चार महिने सक्तमजुरी! का, तर आधी जॉर्जियात अलाबामाच्या लायसन्सवर गाडी चालवताना सापडले होते, त्यात शिक्षेऐवजी नीट वागायच्या अटीवर सोडलं होतं, ते प्रोबेशन मोडलं म्हणे. आता पत्ता बदलला म्हणून लायसन्स बदलून घेणारे आपल्यात किती, करा बरं हात वर. रेडिओवर दिसत नाही ते एक बरंय.

तर घरी बायको कोरेटा, गरोदर, घाबरलेली. केनेडींनी त्यांना फोन केला. दोन मिनिटंसुद्धा नाही, नुसती विचारपूस. निक्सन मात्र गप्पच राहिले. किंग सुटले आणि म्हातारे पास्टर म्हणाले, माझ्याकडे सुटकेसभर मतं आहेत, ती आता केनेडींची. मग या फोनची गोष्ट सांगणारी पत्रकं निळ्या कागदावर छापली, मतदानाआधीच्या रविवारी काळ्यांच्या चर्चमधून वाटली. केनेडी देशभरात सव्वा लाखाच्या आतच मतांनी पुढं राहिले, बघा म्हणजे. हल्ली उमेदवार हजारोंना एकच रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवतात, मी पहिल्या शब्दालाच कट करतो.

वेळ संपत आली, बाकीचं पटकन सांगतो. बायबल एकच, मतं वेगळी. पुन्हा सांगतो, बायबल एकच, मतं वेगळी. २०१६ मध्ये दहातल्या आठेक गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द न् शब्द मानणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट लोकांनी ट्रम्पना मत दिलं, काळे प्रोटेस्टंट जवळपास सगळेच दुसरीकडं. आणि त्याच एबेनेझरचे आत्ताचे पास्टर, राफेल वॉर्नॉक, २०२१ मध्ये जॉर्जियाचे पहिले काळे सिनेटर झाले.

हां, एक राहिलंच. किंगच्या वडिलांना कॅथलिक खुपतात हे कळल्यावर केनेडी हसून म्हणाले होते, किंगसारख्याचा बाप असा कोत्या मनाचा निघावा! जाऊ दे, बाप तर आपल्या सगळ्यांनाच असतात.